डाव्या कोपऱ्यातला अंगठा

बत्तीस वर्षं मी सार्डिनच्या कारखान्यात
सरकत्या पट्ट्याशेजारी उभी राहून
वाकडी लेबलं हेरली.
डबा यायच्या आधी नजर पोचलेली असायची:
सूतभर तिरपं, कडेला बुडबुडा,
झाकणाला पोचा.
बाजूला.
बाजूला.
झोपेतही हात तसाच हलायचा.
बर्टन म्हणायचा, आर्डिथ, मला नको हं काढूस बाजूला.

तो गेला, आणि पलंगाखालून बुटांचे तीन खोके निघाले.
फोटो, पावत्या, काडेपेटीत मार्लीनचा पहिला पडलेला दात,
भरती-ओहोटीचं एकसष्ट सालचं वेळापत्रक,
पाठीमागे पेन्सिलीनं आईचं किराणा सामान:
मोलॅसिस, वाती, जाळं शिवायचा दोरा.

चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बायका जमतात.
कात्र्या, गोंद, रंगीत कागद, गळका थर्मास.
मी जाड पानांची महागडी वही नेली,
पट्टी नेली, गुण्या नेला,
कोपऱ्या-कोपऱ्याला तिळाएवढ्या खुणा करून ठेवल्या,
आणि सात गुरुवार पहिलं पान कोरं.
एकदा म्हणाले, गोंद बरा नाही.
एकदा, चष्मा घरी राहिला.
एकदा तर धुक्यावर ढकललं: ओल फार, कागद फुगेल.
फंडीच्या उपसागराकाठी
धुकं काय भाड्यानं राहतं?
ते तर घरचंच.

शेजारी ओडेसा बसते. वय सत्त्याऐंशी, हात थरथरणारे.
तिच्या वहीत सरळ असं काही नाही.
नातवाचं डोकं वेलबुट्टीत घुसलंय,
लग्नाची तारीख दोनदा खोडलीय
आणि तिसऱ्यांदाही चुकलीय.
माझे डोळे तिच्या पानावरून फिरायचे,
बाजूला, बाजूला.
लाज वाटायची.
तरी फिरायचे.

आठव्या गुरुवारी आईचा फोटो काढला.
धक्क्यावर उभी, एप्रन वाऱ्यानं फुगलेला,
हसते आहे की उन्हानं डोळे बारीक केलेत, कळत नाही.
डाव्या कोपऱ्यात मोठा करडा डाग,
कुणाचा तरी अंगठा, भिंगावर आलेला.
तेवढा कापायचा, मी ठरवूनच आले होते.
कात्री रेघेवर टेकवली.

ओडेसा वाकली. म्हणाली,
एझ्राच ना हा?
कोण?
अगं, तुझा बाप. कॅमेरा त्याचा.
फोटो काढायचा आणि दर वेळी अंगठा मध्ये.
आम्ही पोरी किती हसायचो.

मी चार वर्षांची असताना त्यांची होडी परतली नाही.
तिन्ही खोके मी तळापर्यंत उपसले होते,
बाबा एकाही फोटोत नव्हते.

कात्री लगेच खाली ठेवली असं सांगायला आवडेल.
खरं तर ती हातातच होती,
कॉफी गार होऊन वर साय धरेपर्यंत.

मग गोंद जास्त झाला.
फोटो घसरला, उजवीकडे, चांगला दोन सूत.
ओडेसानं थरथरता तळवा दाबून धरला:
राहू दे आता. सुकू दे.

रात्री घरी येऊन मी चाकूच्या टोकानं
तो उचलून पाहिला. हो, पाहिला.
कागदाचा पापुद्रा सुटून आला,
तेव्हा कुठे हात आवरला.
त्या फाटक्या जागेवरच शाईनं लिहिलं:
आई, धक्क्यावर.
बाबा, डावीकडे.
शाई फुटली. "बाबा" जरा पसरले.

पट्टी टाकून दिली असं काही नाही.
ती वहीतच असते, खूण म्हणून.

काल मार्लीनला फोन करून विचारलं,
तुझा दात चिकटवू का?
ई, म्हणाली. मग थोडा वेळ काहीच नाही,
मग म्हणाली,
किडलेली बाजू आत ठेव निदान.

बघते, म्हटलं.