पांढऱ्या रश्श्यातली गाठ

इंगवल्यांच्या खानावळीचा मीटर
स्वयंपाकघरात होता, पिठाच्या डब्यांमागं,
म्हणून मला आत जाता यायचं.
बाकी सगळे, तालमीतली पोरं, हमाल,
कोर्टातून बाराला निसटलेले कारकून,
पडद्याच्या अलीकडं.

गंगावेशीतल्या त्या बोळाला पाटी नाही.
होती ती पाच सालच्या पुरात गेली,
परत लावायची गरज कुणाला वाटली नाही.
आत सहा बाकं. भिंतीवर खडूनं एकच सूचना:
रस्सा मागा. लाजू नका. टाकू नका.

तांबड्याबद्दल कुणाचं म्हणणं नव्हतं.
तांबडा चांगला, पण तांबडा गावभर चांगला.
भांडणं व्हायची ती पांढऱ्यावरून.
"ह्यात कायतरी हाय," म्हणायचे फौजदार बावडेकर,
निवृत्त, वाटी नाकाशी धरून,
पंचनामा करावा तसे.
कुणी म्हणालं वेलदोडा. कुणी म्हणालं खसखस जास्त.
एकानं आईची शपथ घेतली, लिंबाचं पान म्हणून.
सोनबा हमालानं वाटी तोंडाला लावली, संपवली.
"काय बी असू दे. हाय न्हवं?"

मी बघितलं होतं.
सत्त्याण्णवच्या थंडीत, एका बुधवारी,
स्टुलावर उभा राहून आकडा वाचत होतो,
खाली गजराक्कांनी गवती चहाची चार पाती
बत्त्यानं एकदाच चेचली,
वेणीला मारावी तशी गाठ मारली
आणि उकळत्या पांढऱ्यात सोडली.
मग वर बघितलं. माझ्याकडं.
डावानं गाठ आत ढकलली.
"किती झालं युनिट?"

मी कुणाला बोललो नाही.
बऱ्याच वर्षांनी, गिऱ्हाईक नसताना, त्यांनीच सांगितलं:
सासरे, हैबती, पलटणीबरोबर मलायात गेलेले.
कैदेतनं सुटले तेव्हा पाय सुजलेले,
इपोहजवळ एका बाईनं ओट्यावर घेतलं.
तिची भाषा कळली नाही. नारळाचं दूध कळलं.
घरी आले, चहाच्या जुडीकडं बोट केलं,
बायकोला म्हणाले, "हे रश्श्यात."
ती म्हणाली, "याड लागलंय."
लढाईचं एवढंच. बाकी मरेपर्यंत
काही बोलले नाहीत.

मग मीटर बाहेर आले, रस्त्यावरच्या पेटीत.
आकडा आपला आपण कुठंतरी जातो.
मी रिटायर झालो, पडद्याच्या अलीकडं बसू लागलो,
सगळ्यांसारखा, कुपन देऊन.

गजराक्का गेल्या, खानावळ तेरा दिवस बंद.
चौदाव्या दिवशी पांढरा आला.
गाठ होती, वास आला मला,
पण घोटाच्या शेवटी कडू.
बावडेकरांनी वाटी खाली ठेवली
आणि काही बोलले नाहीत, हे सगळ्यात वाईट.

धनश्री, सून, पदराला हात पुसत आली.
"काका, तुम्ही आत असायचा.
आत्ती ती गाठ कधी काढायच्या?"

मला चवीतलं काय कळतंय?
तेहतीस वर्षं आकडे लिहिले.
पण आत गेलो. स्टूल तेच, एक पाय अजून डुगडुगता.
चढलो. भिंतीवर खिळ्यांची चार भोकं.
"सोड," म्हणालो.
चष्मा पुसला. मागचं रीडिंग, चालू रीडिंग,
हातचा एक, वजाबाकी,
कार्बन सरळ करायला लागायचा तेवढा वेळ,
सही.
"काढ."

गाठ डावावर आली, टपटप गळत.
धनश्रीनं ती ओट्याच्या कडेला ठेवली,
बरोबर तिथंच,
तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर कुणीतरी बाकावर वाटी आपटली:
"पांढरा आणा की!"