दहा पौंडांपेक्षा जड काही

शर्वरी, तू विचारलंस म्हणून सांगते,
नाहीतर हे मी पोटातच ठेवणार होते.

आधी ती तुला उभी करेल.
डॉक्टर पेत्राकिस. थंड हात, चष्मा कपाळावर.
जांभळ्या मार्करनं पोटावर रेघा ओढेल,
शिंपी खडूनं ओढतो तशा,
आणि तू समोरच्या भिंतीवरचं
मिशिगनच्या दीपगृहांचं कॅलेंडर वाचत राहशील.
लाज वाटेल. वाटू दे. दोन मिनिटांची असते.

जाग येईल तेव्हा वाटेल
कुणीतरी चार मापं लहान पोलकं
तुला कमरेवर चढवलंय.
सरळ उभी राहू नकोस, राहताही येत नाही.
आठवडाभर मी घरात
हरवलेली कुडी शोधल्यासारखी चालले.

दोन नळ्या असतात, टोकाला मोसंबीएवढे रबरी फुगे.
सुहास ते रोज दोनदा रिकामे करायचा,
मापात ओतून, डोळ्यांसमोर धरून,
फ्रिजवरच्या कागदावर लिहायचा:
डावा पंचेचाळीस, उजवा साठ.
सोळा वर्षांत ज्याला
उतू जाणारं दूध कधी दिसलं नाही
तो मिलिलिटर मोजत होता.
हे माहितीपत्रकात नव्हतं.

झोपायचं आरामखुर्चीत.
शेजारच्या वॉल्टरनं त्याच्या गराजमधली दिली,
कुत्र्याचा आणि जुन्या तंबाखूचा वास येणारी.
फेब्रुवारीच्या बर्फातून ढकलत आणली,
काय झालंय विचारलंसुद्धा नाही.
मीच म्हटलं, हर्निया.
ऑफिसात हर्निया. भिशीत हर्निया.
आईलाही हर्नियाच.

खोकला आला तर पोटाशी उशी धर.
शिंक आली तर देवाचं नाव घे.
सहा आठवडे दहा पौंडांपेक्षा जड काही उचलायचं नाही.
म्हणजे बासमतीची पिशवी नाही,
ओल्या कपड्यांची टोपली नाही,
आमची मांजरसुद्धा नाही, ती साडेअकरा भरते.
मुलं दारात उभी राहून बघायची.
जन्मले तेव्हा दोघे मिळून
तेवढेच होते, मांजरीएवढे.
तेव्हा कुणी मला कागद दिला नव्हता
काय उचलायचं नाही याचा.

आता बेंबीचं.
बेंबी हलवत नाहीत, शर्वरी.
भोवतीनं कापून तिला तिथेच ठेवतात, आत,
देठावर.
वरची कातडी खाली ओढतात, चादर ओढतात तशी,
आणि नेमक्या जागी तिच्यासाठी नवं भोक पाडतात.
बेंबीच्या देठापासून ओरडलो, असं आपण म्हणतो ना.
तो देठ खरंच असतो.
मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

बाराव्या दिवशी फोनच्या पडद्यावर
आईनं मला ओट्यापर्यंत जाताना पाहिलं.
"हर्नियाला एवढं वाकतात?"
मी सांगून टाकलं.
ती बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिली.
मला वाटलं, आता पैसे विचारेल. किंवा, कुणासाठी?
(उत्तर तयार होतं, पण ते मलाच पटत नव्हतं.)
तिनं विचारलं, "बेंबी आहे ना?"
आहे.
"तीच?"
तीच.
"मग ठीक." आणि भाजीवाला आला म्हणून गेली.

फोटोत दाखवतात तसं होत नाही.
या कमरेपासून त्या कमरेपर्यंत रेघ राहते,
आधी वांग्याच्या सालीची, मग फिकट.
बेंबीखाली हातभर जागा बधिर,
तिथे हात ठेवला की हाताला पोट कळतं,
पोटाला हात कळत नाही.
चौथ्या महिन्यात एका रात्री थोडं खाजलं.
खाजवून काही लागेना, पण मी उठून बसले,
सुहासला उठवलं, म्हटलं, खाजतंय.

जीन्सचं बटण लागतं.
संध्याकाळी सूज येते, तेव्हा सोडून ठेवते.

तारीख ठरली की कळव.
खुर्ची अजून आमच्याकडेच आहे,
सुहास व्हॅनमधून आणून देईल.
वॉल्टरला विचारलं मी, मैत्रिणीला देऊ का.
खुशाल दे म्हणाला.
मग बर्फाचं फावडं भिंतीला टेकवून
थोडा विचार करून म्हणाला,
तुमच्या लोकांत हर्निया फार दिसतो.