पाण्यासाठी शब्द नाही

रोक्कालूनाच्या संग्रहालयात तीन खोल्या.
किल्ल्या माझ्याकडे असतात.
तिसऱ्या खोलीत, खिडकीशी, एवारिस्तो बान्दिनूच्चीच्या वह्या:
शाई गंजून तांबूस झालेली,
एका पानावर चिकटलेला डास,
पोट अजून काळं.

विद्वान नव्हता तो.
जमिनी मोजायचा. साखळी, खुंट्या, एक खेचर.
द्राक्षांवर भुरी पडली त्या वर्षी
मार्केसेच्या शिवेवर खुंटी ठोकताना
जमीन आतून वाजली, रिकाम्या पिंपासारखी.
त्यानंतर एकही बांध त्यानं धड मोजला नाही.
दोन शेजाऱ्यांचा खटला त्याच्या चुकीवर
अकरा वर्षं चालला.

माझा खापरपणजा सेत्तिमियो त्याच्याकडे कुदळीवर होता.
मार्केसेचा कारभारी वर छत्री उघडून बसायचा:
सोनं वर द्या, चित्रांचे घडे वर द्या,
काळी खापरं तिथंच फोडा,
नाहीतर बाजारात भाव पडतो.
सेत्तिमियोनं फोडली. टाचेनं.
घरी येऊन सांगायचा, अंड्यासारखी फुटतात.
बान्दिनूच्ची रात्री कंदील घेऊन उतरायचा
आणि तुकड्यांवरची अक्षरं वहीत घ्यायचा
उजवीकडून डावीकडे,
अरुंद वाटेवर खेचर मागं सारावं तशी.

अक्षरं येत होती त्याला.
ग्रीक अक्षरांची भावंडं ती, ओळख पटायला वेळ लागत नाही.
थडग्यात उभा राहून मोठ्यानं वाचायचा,
एकेक नाद स्वच्छ,
आणि अर्थ बाहेर उन्हात बसलेला,
बहिऱ्या म्हाताऱ्यासारखा, मान हलवत.

बावीस वर्षांत जमले एकतीस शब्द.
अविल म्हणजे वर्ष. क्लान, मुलगा. सेख, मुलगी.
पुइया, बायको.
लुपुके: मेला. किंवा मेली.
सगळे दगडी पेट्यांच्या कडांवरून वेचलेले.
एवढ्या भाषेत माणूस पुरता येतो,
त्याचं गणगोत सांगता येतं,
मीठ मागता येत नाही.
‘पाण्यासाठी शब्द नाही,’ चौथ्या वहीत लिहिलंय,
‘आणि ही माणसं नदीकाठी राहत होती.’

दोमितिल्ला, त्याची बायको, हसायची.
ओले बूट चुलीशी उलटे ठेवत म्हणायची,
दिवा लुपुके, एवारिस्तो. तेल आण.
तांबडी कोंबडी लुपुके, कोल्ह्यानं.
तीन हजार वर्षांत त्या शब्दाला
बहुधा पहिल्यांदाच कोंबडी मिळाली असेल.

मग सप्टेंबर. दलदलीवरून येणारी ती हवा.
कुनैन संपलं होतं, ग्रोस्सेतोचा रस्ता पाण्याखाली.
त्या नऊ दिवसांच्या पानांवर एक अक्षर नाही.
नुसत्या उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या.
पेले असावेत.
मोजणाऱ्याला काहीतरी मोजावं लागतं.
दहाव्या पानावर रेघ अर्धीच आहे.

पाद्री म्हणाला, काफरांचा शब्द पवित्र जमिनीत चालणार नाही.
म्हणून दगडावर समोर फक्त नाव, आणि वय एक्कावन्न.
मागं, झुडपाच्या बाजूला,
खुंटीच्या टोकानं खरवडलेलं काहीतरी आहे.
मी शेवाळ काढून पाहिलं.
उजवीकडून डावीकडे.

आणखी एक सांगायचं राहिलं.
सेत्तिमियोनं सगळीच नाही फोडली.
एक काळं भांडं सदऱ्याखालून घरी आणलं,
का, ते कुणाला सांगितलं नाही.
माझी आई त्यात मीठ ठेवायची. मीही ठेवतो.
पालथं केलं की तळाशी चार अक्षरं दिसतात,
एकतिसांत नसलेली.
बान्दिनूच्चीचं घर तेव्हा आमच्यापासून सहा दारं पलीकडे.

उन्हाळ्यात रोमहून माणसं येतात, पांढऱ्या टोप्या घालून.
मी त्यांना तीन खोल्या दाखवतो.