नरक्या

एडिंबरा. हर्बेरियमचं तिसरं कपाट.
फिओना पिवळा कागद उलगडते;
चिकटवलेली डहाळी, खाली तिरपं अक्षर:
आंबोली, ऑगस्ट, फुलोरा भरात.

बाबल गावड्यानं परवा फोटो धाडला.
मे सरला नाही तोच फुललाय म्हणे,
वास सुटलाय, माश्यांचा पत्ता नाही.
दोन वर्षं फळच धरलं नाही,
आणि उरलीसुरली खोडं
रात्री टेम्पोतून जातात.

फिओनाच्या दंडावर कालच्या सुईची पट्टी.
थेंब थेंब आत गेलेलं औषध
ह्याच झाडातून निघतं,
हे मी नाही, तिनंच मला सांगितलं.

"वास कसा असतो गं?"
"नावाला शोभेलसा. नाक दाबावं असा."

ती वाकते, कागद हुंगते.
नुसती डांबरगोळी.