वाचायला लागणारा वेळ : तीन मिनिटं

मिनिटाला दोनशे शब्द, निनाद म्हणाला.
म्हणजे सहाशेच्या आत बसव. तीन मिनिटांपुढे
कुणी थांबत नाही,
अंगठ्याने पान भिंगरीसारखं फिरवतात लोक.

मी बसवलं. मोतीबिंदूनंतर घ्यायची काळजी,
शब्द पाचशे अठ्ठ्याण्णव.
त्यात रुग्णालयाचा इतिहास आला, संचालकांचं मनोगत आलं,
शरणपूर रोडवरून आत कुठे वळायचं तेही आलं.
माथ्यावर करड्या अक्षरांत आपोआप उमटलं :
वाचायला लागणारा वेळ, तीन मिनिटं.

हिशेब बरोबर होता. तरी काहीतरी खुपत होतं,
पापणीत कुसळ गेल्यासारखं.
यंत्राला 'नका' हा एक शब्द
आणि 'शस्त्रक्रियोत्तर' हाही एकच.

म्हणून मोठ्या टायपात छापून घेतलं
आणि तळमजल्याच्या बाकांपाशी गेले, जिथे
कपाळावर चिकटपट्टी, पट्टीवर निळा बाण
(डावा की उजवा, चुकू नये म्हणून)
अशी माणसं नंबराची वाट बघत बसतात.

रंगनाथ धात्रक, जेल रोड. उजवा झालाय, डावा आज.
"वाचाल का? मी फक्त वेळ मोजते."
"परीक्षा आहे?"
"आहे. माझी."
मोबाइलमधलं घड्याळ सुरू केलं.

पहिली ओळ. अक्षराखाली बोट.
दुसरी ओळ. मग परत पहिली.
तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये तपासनीस, म्हणाले,
एकेक ताव उजेडात धरायचा; शाई फुटली,
रेघ सरकली, आकडा हलला की बाजूला.
"बघायची सवय आहे हो मॅडम. वाचायची नाही."

इतिहासातच चार मिनिटं गेली. स्थापनेच्या सालापाशी थांबून
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, मला सांगितलं नाही.
मनोगतात 'कटिबद्ध' दोनदा आहे
हे त्यांनीच दाखवलं.
शेजारच्या बाकावर कुणी चिवड्याची पुडी सोडली,
चहावाला येऊन गेला,
हरसूलच्या एका बाईंचा नंबर पुकारला, त्या आत गेल्यासुद्धा.

मग 'डोळा चोळू नका' आलं.
'डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका' आलं.
तिथे बोट टेकलं ते टेकलंच.
चष्मा काढला. पुसला नाही.
"आणि रडू आलं तर?"

मी कागद उलटा करून पाहिला,
मागे काही छापलं असेल असं वाटून.
"नाही, रोज नाही येत. दिवेलागणीला कधी कधी.
मंडळी गेली ना पौषात."

डॉक्टर शेवाळे जिन्यातच भेटल्या.
येऊ दे की, म्हणाल्या, ते आतलंच पाणी.
गाल टिपायचा स्वच्छ कापसाने, डोळ्याला हात नाही.

खाली येऊन त्यांच्या कागदावर पेनने लिहून दिलं :
रडू आलं तर येऊ द्या. गाल टिपा, डोळा नको.
नऊ शब्द. यंत्राच्या दराने पावणेतीन सेकंद.
कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.
"राहिलेलं घरी वाचतो, चालेल ना?"
तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

वर जाऊन इतिहास खोडला. मनोगत खोडलं,
दोन्ही 'कटिबद्धां'सकट. वळायचं कुठे ते ठेवलं.
उरले दोनशे चाळीस, त्यात ते नऊ.
पान म्हणालं, एक मिनिट.
निनाद खूश. "बघ, जमतं की तुला!"

संध्याकाळी सिटीबसने निमाणी मागे टाकली,
तिकिटाला सुटे शोधताना मोबाइल हाताला लागला.
घड्याळ बंद करायचं राहूनच गेलं होतं.
पाच तास सोळा मिनिटं. सतरा.
बाहेर पंचवटीत दिवे लागत होते,
आणि जेल रोडला, एका डोळ्यावर पट्टी घेऊन,
ते कितव्या ओळीवर असतील कोण जाणे.

म्हसरूळ येईपर्यंत मी ते चालू ठेवलं.