मागची बाजू

लिलावात घेतली, एकोणचाळीस हजाराला.
सव्वीस वर्षं हीच चालवली,
तरी कागदावर माझं नाव बघून हसू आलं.

लाल फुली खरवडली. खालचा पांढरा
इतका पांढरा, की फुली अजून दिसतेच.

प्लायचे पैसे नव्हते. दस्तगीरनं
सतारीतून उरलेले तुणीचे तुकडे दिले,
वीतभर, बोटभर, एकाला एक मिळेना.
जोडून जोडून बाक झाला.
टकटक केलं की आत कुठंतरी बारीक वाजतो.

ऑक्सिजनच्या नळकांड्याच्या जागी स्टोव्ह.
गादी जुनी, खोळ कुमुदच्या इरकलीची.
सायरनच्या बटणावर पंखा जोडलाय,
दाबताना अंगठा अजून कचरतो.
सलाइनच्या हुकाला पाना लावला
तर ती म्हणाली, राहू दे की, कंदील अडकवू.

पहिली रात्र कृष्णाघाटावर, मिरजेतच.
डिझेल तेवढंच होतं.

एवढी माणसं नेली,
मागं पडून काय दिसतं
कुणाला विचारलं नाही कधी.
आज आडवा झालो.
छत दिसतं.
एक स्क्रू, अर्धा बाहेर आलेला.
इतकी वर्षं तो सगळ्यांनी बघितला असणार.

पिळायला उठलो,
तर कुमुद म्हणाली, सकाळी.
घाई कुणाला आहे?