पासंग

सावद्याच्या भुईकाट्यावर रात्री दीडला
सर्व्हरनं हात वर केले :
जागा शिल्लक नाही.
पावती छापेना. बाहेर केळीचे तीन ट्रक,
इंजिनं बंद, एक क्लीनर
बंपरवर बसून शेव-मुरमुरे खातोय.

फेगडे काका काट्याच्या खोलीतून ओरडले,
"काय करून राह्यली व पोरी, आटप!"
म्हटलं, मोजतेय. मोजू तर द्या आधी.

पहिला डीएफ.
हा म्हणजे आपला भुईकाटाच.
गाडी चढली की आकडा. आत काय भरलंय,
कोणाच्या मळ्यातलं, कच्चं की डागी,
त्याला देणंघेणं नाही.
एका श्वासात सांगून मोकळा :
चारशे साठ जीबी. शंभर टक्के.

डीयू तसा नाही.
डीयू बागेत शिरतो,
ओळीओळीनं, खोडाखोडापाशी थांबत
एकेक घड हातावर तोलत जातो.
मी चहा ठेवला, उकळला, गाळला,
काकांना नेऊन दिला, त्यांनी साखर कमी म्हटलं,
आणि परत येऊन पाहते तर हा
अजून मागच्या वर्षाच्या पावत्यांत.
मग सगळं एकदम ओतलं पडद्यावर,
हजारभर ओळी, घड आणि पानं एकाच ढिगात.
उतरत्या क्रमानं लाव रे बाबा,
हे वेगळं सांगावं लागतं.

डस्ट नवा आहे. भराभर आडव्या पट्ट्या काढतो,
मोठं वर, बारकं खाली, रंगसुद्धा देतो.
मालकाच्या पुतण्याला हाच आवडतो.
मला तो मिटिंगमधल्या माणसासारखा वाटतो,
चूक नसते त्याची कुठे, तरीही.

माझा जीव एनसीडीयूवर.
एकदाच सगळीकडे फिरून येतो
आणि मग शेजारी बसतो निवांत :
बाण दाब, आत शीर, बाहेर ये,
हे बघ, हे एवढं कॅमेऱ्यांचं, हे एवढं उगाच.
फक्त त्याच्या हाताशी एक कळ असते पुसायची.
पुसू का? असं एकदाच विचारतो.
सोमवारी विचारलं होतं त्यानं.
पुतण्या मागे उभा होता. मी हो म्हटलं होतं.

तर बेरीज : तीनशे चाळीस.
काटा म्हणतो चारशे साठ.
एकशेवीस जीबी कुणाच्याच नावावर नाही.

काकांना सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.
"त्यात काय हाये? रिकामी गाडी तोलताना
दोन जन कॅबिनमधी दडून बसतात.
भरल्यावर तोलताना उतरून जातात.
मानसं कागदावर नसतात, काट्यावर असतात.
तेवढी केळी गेली शेतकऱ्याची."
जरा थांबून म्हणाले,
"तुझ्या कॅबिनमधी पाह्य कोन बसलंय."

मी उघड्या फायलींची यादी मागवली.
सापडली. चार नंबरचा कॅमेरा,
सोमवारपासूनचं सलग रेकॉर्डिंग,
आणि ओळीच्या शेवटी कंसात : डिलीटेड.
नाव मी पुसलं होतं, फाईल गेली नव्हती.
रेकॉर्डरनं तिचा हात सोडलाच नव्हता,
तीन दिवस तिच्यातच लिहीत बसला होता तो,
कुणी सांगितलंच नव्हतं त्याला.

कोणत्याही फोल्डरमध्ये ती नाही,
म्हणून डीयूला दिसत नाही.
एनसीडीयूला नाही, डस्टच्या पट्टीत नाही.
डीएफ तेवढा कुरकुरत होता,
ज्याला मी मघाशी आंधळा म्हणणार होते.

आता सोपं आहे. रेकॉर्डर बंद करून चालू करायचा.
हात सुटेल, जागा मोकळी होईल, पावत्या निघतील,
आणि सोमवार संध्याकाळ, सहा वाजून दहा मिनिटं,
रिकाम्या ट्रकच्या काचेआड वाकलेली दोन डोकी
खरंच जातील.

"झालं का व?"
मी म्हटलं, काका, अर्धा तास हातानं पावत्या फाडा.
ते काही बोलले नाहीत.
खणातून कार्बन शोधताना
त्यांचा आवाज आला फक्त.

नाव गेलं तरी वाट राहते,
चालू प्रोसेसच्या पोटातून.
मी बॅगेतली हार्ड डिस्क लावली, भाचीच्या बारशाचे फोटो असलेली,
आणि कॉपी सुरू केली.
चार टक्के. सहा.
बाहेर पहिला ट्रक काट्यावर चढला.
काकांनी खिडकीतून हात बाहेर काढून
ड्रायव्हरला म्हटलं, उतर खाली.
दोघंही उतरा.